अंकीय ध्वनिमुद्रण उपकरणांची जोडणी व समकालन

ध्वनितरंगाचे अंकांत रूपांतर करणारी, हे अंक साठविणारी, त्यांवर संस्कार करणारी व अखेरीस त्यांपासून पुन्हा ध्वनी निर्माण करणारी अनेक उपकरणे आधुनिक ध्वनिमुद्रणगृहात एकत्र काम करीत असतात. या उपकरणांमध्ये अंकांची देवाणघेवाण घडवून आणणे यास त्यांची जोडणी आणि ती सर्व एकाच कालमानानुसार चालविणे यास त्यांचे समकालन म्हणतात. सदृश पद्धतीच्या उपकरणांत, म्हणजे ध्वनीतील बदलांप्रमाणे अखंड बदलणारा विद्युत् दाब ज्यांत वापरतात अशा उपकरणांत, संदेश पोहोचविण्यापुरती तार जोडणे पुरेसे असते. मायक्रोफोनचा संदेश विवर्धकात व तेथून फीतमुद्रकात गेला की काम भागते. अंकीय उपकरणांत तेवढे पुरत नाही. प्रत्येक अंकाला मूल्याप्रमाणेच काळातील एक नेमके स्थान असते. परंतु हे स्थान अंकात लिहिलेले नसते, तो अंक कोणत्या ठोक्याला आला यावरूनच ते ठरते. त्यामुळे देणाऱ्या व घेणाऱ्या उपकरणांचे ठोके एक नसतील, तर तार निर्दोष असूनही मुद्रण सदोष होते. हा दोष पुष्कळदा मुद्रण चालू असताना ध्यानात येत नाही आणि नंतर तो पूर्णपणे काढून टाकणे अवघड असते. मैफल, व्याख्यान, वृद्ध गायकाची मुलाखत यांसारख्या पुन्हा तशाच न घडणाऱ्या प्रसंगांच्या मुद्रणात म्हणूनच समकालनास फार महत्त्व आहे.

मूलतत्त्व : अंकीय ध्वनिमुद्रणात मायक्रोफोनपासून मिळणाऱ्या विद्युत् दाबाचे ठराविक कालांतराने मापन करतात. अशा प्रत्येक मापनास नमुना आणि एका सेकंदात घेतलेल्या नमुन्यांच्या संख्येस नमुना-कंप्रता म्हणतात. हॅरी नायक्विस्ट (१९२८) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कार्यातून प्रस्थापित झालेल्या सिद्धांतानुसार तरंगातील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक नमुना-कंप्रता ठेवल्यास त्या नमुन्यांवरून मूळ तरंगाची पुनर्रचना करता येते. मानवी कानास ऐकू येणाऱ्या कंप्रतेची वरची मर्यादा सु. २० किलोहर्ट्‌झ असल्यामुळे नमुना-कंप्रता ४० किलोहर्ट्‌झपेक्षा काहीशी जास्त ठेवतात. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ४४·१ किलोहर्ट्‌झ आणि चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या ध्वनीसाठी ४८ किलोहर्ट्‌झ या कंप्रता रूढ आहेत. यांच्या दुप्पट व चौपट कंप्रताही (८८·२, ९६ व १९२ किलोहर्ट्‌झ) वापरतात. ४८ किलोहर्ट्‌झ कंप्रतेस लगतच्या दोन नमुन्यांतील अंतर सु. २०·८ मायक्रोसेकंद असते.

नमुने घेण्याचे क्षण ठरविण्यासाठी उपकरणात क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या कंपनांवर चालणारा दोलक असतो. या दोलकाच्या उच्च कंप्रतेचा भागाकार करून नमुना-कंप्रतेचे स्पंद मिळवितात. या स्पंदमालेस ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारात ‘क्लॉक’ म्हणजे घड्याळ असे म्हणतात. मनगटी घड्याळाप्रमाणे ते दिवसाची वेळ सांगत नाही. फक्त समान अंतराने ठोके देते. क्वॉर्ट्‌झ स्फटिक अतिशय स्थिर असला, तरी कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत एकाच कंप्रतेने कंप पावत नाहीत. कापणीतील सूक्ष्म फरक, तापमान व स्फटिकाचे वय यांमुळे त्यांच्या कंप्रतांत दहा लाखांत काही भाग इतका फरक सामान्यतः राहतो. समकालनाची सर्व समस्या या लहानशा फरकातून उद्‌भवते.

इतिहास : ध्वनीचे अंकांत रूपांतर करून तो पाठविण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्‌ज यांनी १९३७ मध्ये मांडली; तथापि ती ध्वनिमुद्रणात येण्यास तीस वर्षे लागली. जपानच्या एनएचके या नभोवाणी संस्थेने १९६७ मध्ये एका वाहिनीचा अंकीय फीतमुद्रक तयार केला. निप्पॉन कोलंबिया या जपानी कंपनीने १९७२ मध्ये चित्रफीत यंत्राचा उपयोग करून आठ वाहिन्यांचा अंकीय मुद्रक वापरात आणला. त्यात ४७·२५ किलोहर्ट्‌झ कंप्रतेने १३ बिटांचे नमुने घेत. अमेरिकेत टॉमस स्टॉकहॅम यांनी १९७५ मध्ये साउंडस्ट्रीम ही कंपनी स्थापून स्वतंत्र पद्धतीचा मुद्रक विकसित केला; या मुद्रकात पुढे ५० किलोहर्ट्‌झ ही कंप्रता वापरण्यात आली.

प्रत्येक निर्मात्याची कंप्रता अशी वेगळी असल्यामुळे एका यंत्रावरील मुद्रण अंकीय स्वरूपातच दुसऱ्यावर उतरविणे प्रारंभी जवळजवळ अशक्य होते. संदेश एकदा सदृश स्वरूपात आणून पुन्हा अंकांत रूपांतरित करावा लागे व त्यामुळे अंकीय पद्धतीचा मुख्य लाभ, म्हणजे प्रतीचा ऱ्हास न होणे, गमावला जाई. ४४·१ किलोहर्ट्‌झ हा वरकरणी विचित्र वाटणारा आकडाही या काळातील यंत्रांपासूनच आला आहे. नमुने चित्रफितीवर चित्राच्या रेषांच्या जागी नोंदविले जात. दर रेषेस ३ नमुने, दर क्षेत्रास २४५ उपयुक्त रेषा व सेकंदास ६० क्षेत्रे असे मानल्यास ४४,१०० नमुने होतात. यूरोपीय पद्धतीत २९४ रेषा व ५० क्षेत्रे घेतली असता तीच संख्या मिळते. कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली, तेव्हा हीच कंप्रता कायम झाली.

निरनिराळ्या निर्मात्यांची उपकरणे परस्परांस जोडता यावीत म्हणून ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटी या संस्थेने १९८५ मध्ये ‘एईएस ३’ हे प्रमाण प्रसिद्ध केले आणि १९९१ मध्ये ध्वनिमुद्रणगृहातील समकालनासाठी ‘एईएस ११’ ही शिफारस केली. १९९२ मध्ये विक्रीस आलेल्या अलेसिस कंपनीच्या ‘एडॅट’ या आठ मार्गांच्या मुद्रकात घरगुती वापराच्या एस-व्हीएचएस चित्रफितीचा उपयोग केलेला होता. असे सोळापर्यंत मुद्रक एकत्र जोडून १२८ मार्ग मिळविता येत असत. या यंत्रांमुळे बहुमार्गी अंकीय मुद्रण लहान ध्वनिमुद्रणगृहांच्या आवाक्यात आले आणि समकालन हा केवळ मोठ्या संस्थांतील अभियंत्यांचा विषय राहिला नाही. फितीची जागा पुढे संगणकाने घेतली; परंतु जोडणीच्या व समकालनाच्या अटी त्याच राहिल्या.

जोडणीच्या पद्धती : ‘एईएस ३’ या पद्धतीत एका तारजोडीवरून दोन वाहिन्यांचे नमुने क्रमाने पाठवितात. प्रत्येक नमुन्यासाठी ३२ बिटांची उपचौकट असते. तिच्यात आरंभचिन्हासाठी ४, ध्वनीसाठी कमाल २४ आणि अंकाची ग्राह्यता, वापरणाऱ्याची माहिती, वाहिनीची स्थिती व समता तपासणी यांसाठी प्रत्येकी १ बिट असतो. दोन उपचौकटी मिळून एक चौकट व १९२ चौकटी मिळून एक गट होतो. ४८ किलोहर्ट्‌झ कंप्रतेस सेकंदाला ३०,७२,००० बिट या तारेवरून जातात. संकेतन असे योजले आहे की, प्रत्येक बिटाच्या प्रारंभी विद्युत् दाबाची दिशा बदलते व बिट १ असल्यास ती मध्यावर आणखी एकदा बदलते. त्यामुळे तारा उलटसुलट जोडल्या गेल्या, तरी अर्थ बदलत नाही आणि घेणाऱ्या उपकरणास या बदलांवरूनच ठोका ओळखता येतो. नमुन्यांबरोबर त्यांचा ठोकाही याच तारेतून प्रवास करतो, हे या पद्धतीचे महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे. यासाठी ११० ओहम संरोधाची संतुलित केबल व तीन टोकांचा एक्सएलआर प्लग वापरतात. मायक्रोफोनच्या केबलचा प्लग असाच असल्याने ती येथे बसते व थोड्या अंतरावर चालतेही. परंतु तिचा संरोध निश्चित नसल्यामुळे लांब अंतरावर बिटांच्या कडा बोथट होतात व वाचनात त्रुटी येऊ लागतात.

घरगुती उपकरणांसाठी सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी बनविलेल्या ‘एसपीडीआयएफ’ पद्धतीत चौकटीची रचना बहुतांशी वरीलप्रमाणेच असते. मात्र ती ७५ ओहम संरोधाच्या समाक्ष केबलवरून सु. ०·५ व्होल्ट दाबाने किंवा प्लॅस्टिकच्या प्रकाशीय तंतूतून पाठवितात. या दोन पद्धतींत वाहिनीच्या स्थितीच्या बिटांचे अर्थ निराळे असल्याने एकीचे उपकरण दुसरीस जोडताना कधीकधी प्रतबंदी लागू आहे असा चुकीचा बोध होतो. प्रकाशीय तंतूमुळे दोन उपकरणांत विद्युत् संबंध राहत नाही व म्हणून भूसंपर्कामुळे होणारी गुणगुण टळते. मात्र असा तंतू काही मीटर अंतरापुरताच उपयोगी पडतो. ‘एडॅट’ मुद्रकाबरोबर आलेल्या प्रकाशीय जोडणीत अशाच तंतूतून ४८ किलोहर्ट्‌झ कंप्रतेच्या आठ वाहिन्या जातात. ९६ किलोहर्ट्‌झ कंप्रता वापरल्यास प्रत्येक वाहिनीस दोन जागा लागत असल्याने चारच वाहिन्या मिळतात. मुद्रक मागे पडला, तरी ही जोडणी अद्याप वापरात आहे.

मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘मॅडी’ पद्धतीत एका समाक्ष केबलवरून ५६ (नंतरच्या सुधारणेनुसार ६४) वाहिन्या पाठविता येतात. या पद्धतीत तारेवरील बिटांचा वेग नमुना-कंप्रता कोणतीही असली तरी ठरलेलाच राहतो. त्यामुळे प्रमाणानुसार ठोका वेगळ्या तारेने पुरविणे अपेक्षित आहे. एकविसाव्या शतकात संगणक-जालकाच्या केबलवरून ध्वनी पाठविण्याच्या पद्धती प्रसार पावल्या. ऑडिनेट या ऑस्ट्रेलियन कंपनीची ‘दान्ते’ (२००६) व ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटीचे ‘एईएस ६७’ हे प्रमाण (२०१३) ही त्यांची उदाहरणे होत.

समकालन नसल्यास होणारे दोष : दोन उपकरणे ४८ किलोहर्ट्‌झवर ठेवली आहेत, परंतु त्यांच्या स्फटिकांत दहा लाखांत १० भाग इतका फरक आहे, असे समजू. देणारे उपकरण घेणाऱ्यापेक्षा सेकंदाला ०·४८ नमुना जास्त पाठवील. घेणाऱ्या उपकरणात अंक तात्पुरते साठविणारी लहान स्मृती असते. ती भरली की एक नमुना टाकून द्यावा लागतो. असे सरासरीने दर २·०८ सेकंदांनी घडेल. देणारे उपकरण मंद असेल, तर उलटपक्षी तितक्याच वेळाने एक नमुना कमी पडेल व मागचाच पुन्हा वापरला जाईल. अशा प्रत्येक वेळी तरंगात अचानक पायरी पडते व ‘टक्‌’ असा सूक्ष्म आवाज होतो. तबल्याच्या बोलांत वा मोठ्या वाद्यवृंदात हा आवाज लपून जातो. तंबोऱ्याच्या अखंड नादावर, बासरीच्या लांब स्वरावर किंवा शब्दांमधील शांततेत तो उघडा पडतो. चाचणी म्हणून केवळ बोलून वा ठेका वाजवून पाहिल्यास सर्व ठीक वाटते व दोष घरी गेल्यावर सापडतो, त्याचे कारण हेच होय.

उपकरणे तारेने न जोडता स्वतंत्रपणे मुद्रण केल्यास टक्‌टक् होत नाही. पण दोन्ही मुद्रणे हळूहळू परस्परांपासून सरकतात. वरील उदाहरणातील फरकाने तीन तासांच्या मैफलीत ५,१८४ नमुन्यांचे, म्हणजे १०८ मिलिसेकंदांचे अंतर पडते. गायकाचा मायक्रोफोन एका मुद्रकावर व तबल्याचा दुसऱ्यावर असेल, तर प्रारंभी नेमकी जुळविलेली सम अखेरच्या द्रुत बंदिशीत स्पष्टपणे चुकलेली ऐकू येते. हे सरकणे एकसारख्या गतीने होत असल्यास नंतर मोजून दुरुस्त करता येते. परंतु उपकरणे तापल्याने फरक मध्येच बदलला असल्यास दुरुस्ती अधिक क्लिष्ट होते.

तिसरा दोष नमुना-कंप्रतेच्या गोंधळाचा आहे. ४४·१ किलोहर्ट्‌झने घेतलेले नमुने ४८ किलोहर्ट्‌झच्या ठोक्याने वाजविल्यास वेग १·०८८ पट होतो. तासाभराचे गायन सु. ५५ मिनिटे ७ सेकंदांत संपते आणि स्वर जवळजवळ दीड अर्धस्वरांनी चढतो. पांढरी एक स्वरातील षड्ज काळी एक व पांढरी दोन यांच्या मध्ये कोठेतरी जाऊन पडतो. मूळ अंक शाबूत असतात व योग्य कंप्रता कळल्यास दोष दूर होतो. परंतु अशी प्रत संग्रहात चुकीच्या नोंदीसह गेली, तर पुढील श्रोत्यास गायकाचा मूळ स्वर ठरविण्याचे साधन उरत नाही.

समकालनाच्या पद्धती : या सर्वांवरील उपायाचे तत्त्व सोपे आहे. परस्परांस जोडलेल्या उपकरणांच्या समूहात एकाच उपकरणाने ठोका द्यावा व बाकीच्या सर्वांनी आपले स्फटिक बाजूस ठेवून तो पाळावा. ठोका देणाऱ्यास प्रमुख व पाळणाऱ्यांस अनुगामी उपकरणे म्हणतात. अनुगामी उपकरणातील कलाबद्ध दोलक येणाऱ्या ठोक्याशी स्वतःच्या ठोक्याची सतत तुलना करून पुढेमागे होणारा फरक भरून काढतो. प्रमुख उपकरण पूर्णपणे अचूक असणे आवश्यक नाही. ते दहा लाखांत काही भाग चुकत असले, तरी सर्व उपकरणे त्याच्याबरोबर तितकीच चुकत असल्याने नमुने गळत नाहीत.

केवळ दोन उपकरणे असल्यास ‘एईएस ३’, एसपीडीआयएफ किंवा एडॅट जोडणीतून येणारा ठोकाच पुरतो. घेणाऱ्या उपकरणावर ‘बाह्य’ घड्याळाची निवड केली की काम होते. अंक दोन्ही दिशांनी जात असले, तरी ठोका एकाच दिशेने जावा लागतो. दोन्ही उपकरणांवर ‘बाह्य’ ही निवड केल्यास प्रत्येक दुसऱ्याच्या मागे धावते व कंप्रता भरकटते. दोन्हींवर ‘अंतर्गत’ ही निवड केल्यास वर वर्णिलेला नमुने गळण्याचा दोष उद्‌भवतो.

उपकरणे अधिक असल्यास ठोक्यासाठी वेगळी तार वापरणे श्रेयस्कर असते. ‘वर्ड क्लॉक’ या नावाने ओळखला जाणारा हा संदेश म्हणजे नमुना-कंप्रतेचा चौरस तरंग होय. तो ७५ ओहम संरोधाच्या समाक्ष केबलवरून, बीएनसी या फिरवून बसविण्याच्या प्लगने नेतात. केबलच्या शेवटच्या टोकास ७५ ओहमचा अंत्य रोध असावा लागतो. तो नसल्यास स्पंद टोकावरून परावर्तित होऊन कडेचा क्षण अनिश्चित करतो. उपकरणे एकामागून एक साखळीने जोडली असल्यास हा रोध फक्त शेवटच्या उपकरणापाशी ठेवतात. चुकून दोन ठिकाणी ठेवल्यास विद्युत् दाब योग्य दाबाच्या दोनतृतीयांश होतो व काही उपकरणे ठोका ओळखेनाशी होतात. चार-पाचांहून अधिक उपकरणे असल्यास वितरक वापरून प्रत्येकास स्वतंत्र केबल देणे अधिक विश्वसनीय ठरते. केबलच्या लांबीची मात्र फारशी चिंता करावी लागत नाही. समाक्ष केबलमध्ये संदेश प्रकाशाच्या सु. दोनतृतीयांश वेगाने जातो, १० मी. केबलमुळे होणारा सु. ५० नॅनोसेकंदांचा विलंब ४८ किलोहर्ट्‌झच्या नमुना-अंतराच्या चतुर्थांश टक्क्याहून कमी असतो.

‘एईएस ११’ शिफारशीत वर्ड क्लॉकऐवजी ध्वनी नसलेला ‘एईएस ३’ संदेशच संदर्भ म्हणून सर्वत्र पुरविण्याची योजना आहे. संदर्भ-घड्याळांचे तीत दोन दर्जे ठरविलेले असून पहिल्याची अचूकता दहा लाखांत १ भाग व दुसऱ्याची दहा लाखांत १० भाग इतकी असावी लागते. संगणक-जालकावर वेगळी तार नसते. तेथे एक उपकरण वेळेचे निरोप पाठविते व इतर उपकरणे निरोपाच्या जाण्यायेण्यास लागलेला वेळ वजा करून आपली घड्याळे जुळवितात. २००२ मध्ये प्रथम प्रमाणित झालेल्या या पद्धतीने एक मायक्रोसेकंदाहून कमी फरकाचे समकालन साधता येते.

वैयक्तिक संगणकावर मुद्रण करताना मायक्रोफोन व संगणक यांमधील रूपांतरक-पेटीतील स्फटिकच बहुधा प्रमुख घड्याळाचे काम करतो व संगणक त्याच्या मागणीप्रमाणे अंक देतो-घेतो. एकाच संगणकास यूएसबी प्रकारचे दोन मायक्रोफोन जोडल्यास मात्र दोन घड्याळे अस्तित्वात येतात व त्यांना एकत्र बांधण्यासाठी तार लावण्याची सोय सहसा नसते. अशा वेळी संगणकास एका मायक्रोफोनच्या नमुन्यांचे सतत पुनर्गणन करावे लागते. त्यापेक्षा दोन वाहिन्यांची एकच पेटी घेऊन तिला दोन साधे मायक्रोफोन जोडणे हा निर्धोक मार्ग होय.

जिटर : ठोक्यांची सरासरी संख्या बरोबर असूनही एखादा ठोका किंचित लवकर व दुसरा किंचित उशिरा पडू शकतो, या अस्थिरतेस जिटर म्हणतात. अंक एका स्मृतीतून दुसरीत नेताना बिट बरोबर वाचले जात असतील, तर जिटरमुळे मुद्रणाची हानी होत नाही. परंतु सदृश संदेशाचे अंकांत किंवा अंकांचे सदृश संदेशात रूपांतर होताना चुकीच्या क्षणी घेतलेले बरोबर माप हे चुकीचे मापच ठरते. २० किलोहर्ट्‌झच्या पूर्ण परमप्रसराच्या तरंगासाठी ही चूक १६ बिटांच्या लघुतम पायरीच्या निम्म्याहून कमी ठेवावयाची झाल्यास ठोका सु. १२० पिकोसेकंदांहून अधिक ढळता कामा नये. म्हणून रूपांतरकातील दोलक स्फटिकालगत व विद्युत् गोंगाटापासून दूर ठेवतात. महाग बाह्य घड्याळ जोडल्याने ध्वनी आपोआप सुधारतो, ही समजूत बरोबर नाही. रूपांतरक एकटाच असेल, तर त्याचा अंतर्गत स्फटिक सामान्यतः अधिक स्थिर ठरतो. बाह्य ठोक्याचा उपयोग अनेक उपकरणे एकत्र चालविण्यासाठी आहे. मुख्य रूपांतरकास प्रमुख उपकरण करावे, असा नियम यावरूनच निघाला आहे.

कालसंकेत व चित्राशी समकालन : वर्ड क्लॉक ठोका देतो; परंतु मुद्रणातील कोणता क्षण चालू आहे, हे सांगत नाही. संगीताच्या परिभाषेत त्यापासून लय कळते, सम कळत नाही. सम दाखविण्याचे काम कालसंकेत करतो. चित्रफितीच्या संपादनासाठी १९६७ च्या सुमारास विकसित झालेल्या व पुढे एसएमपीटीई या अमेरिकन संस्थेच्या नावाने रूढ झालेल्या कालसंकेतात प्रत्येक चित्रचौकटीसाठी ८० बिट असून त्यांत तास, मिनिटे, सेकंद व चौकटीचा क्रमांक नोंदविलेला असतो. हा संकेत ध्वनीप्रमाणे ऐकू येणाऱ्या कंप्रतांचा असल्यामुळे फितीच्या एखाद्या मार्गावर तो मुद्रित करता येतो. केवळ कालसंकेतावर विसंबून अंकीय यंत्रे चालविल्यास ती एका ठिकाणाहून सुरू होतात, पण पुढे सरकतात. केवळ वर्ड क्लॉक दिल्यास ती समान गतीने, पण निरनिराळ्या ठिकाणांहून चालतात. म्हणून चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या ध्वनिमुद्रणात दोन्ही लागतात.

४८ किलोहर्ट्‌झ कंप्रतेस चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटींच्या गतीत दर चौकटीस २,००० व भारतीय दूरचित्रवाणीच्या २५ चौकटींच्या गतीत १,९२० नमुने येतात. दोन्ही पूर्णांक असल्याने जुळणी सुलभ होते. अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीसाठी चौकटींची गती ३० वरून सु. २९·९७ करण्यात आली. त्यामुळे दर चौकटीस १,६०१·६ नमुने येतात व पाच चौकटींनंतरच ८,००८ हा पूर्णांक मिळतो. ३० व २९·९७ या गतींची गल्लत झाल्यास तासाला ३·६ सेकंदांचा फरक पडतो. एवढ्या फरकाने पात्राचे ओठ व शब्द यांचा मेळ पूर्णपणे तुटतो. चित्र व ध्वनी यांची घड्याळे स्वतंत्र राहू नयेत म्हणून अशा ठिकाणी एकाच संदर्भ-संदेशापासून चित्रचौकटींचे व नमुन्यांचे असे दोन्ही ठोके निर्माण करतात.

नमुना-कंप्रता रूपांतरक : बाहेरून येणाऱ्या काही उपकरणांना स्थानिक ठोका देता येत नाही. उदा., दूरच्या केंद्रावरून येणारा कार्यक्रम किंवा बाह्य घड्याळाची सोय नसलेली घरगुती उपकरणे. अशा वेळी नमुना-कंप्रता रूपांतरक वापरतात. तो येणाऱ्या नमुन्यांपासून मधल्या क्षणांची मूल्ये अंतर्वेशनाने काढून ती स्थानिक ठोक्याप्रमाणे देतो. यामुळे टक्‌टक् टळते. परंतु प्रत्येक नमुन्याचे मूल्य बदलते व थोडा विलंब लागतो. चांगल्या रूपांतरकातील बदल कानाला जाणवत नसला, तरी मूळ प्रतीची तंतोतंत नक्कल करावयाची असल्यास, विशेषतः संग्रहालयाच्या कामात, हा मार्ग टाळतात. विलंब व समकालनाचा अभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवावे लागते. विलंब स्थिर असतो व मोजून भरून काढता येतो. सरकणे वाढत जाते.

प्रत्यक्ष कामातील दक्षता : मुद्रणापूर्वी सर्व उपकरणांची नमुना-कंप्रता एक आहे ना, प्रमुख उपकरण एकच आहे ना व अनुगामी उपकरणांवरील समकालनाचा दिवा स्थिरपणे लागला आहे ना, हे पाहतात. दिवा लुकलुकत असल्यास केबल, अंत्य रोध व घड्याळाची निवड या क्रमाने तपासणी करतात. त्यानंतर शुद्ध एकसुरी नाद काही मिनिटे मुद्रित करून तो शांत खोलीत ऐकणे ही साधी, परंतु खात्रीची चाचणी आहे. नमुने गळत असल्यास अशा नादात ते ताबडतोब कळते. भारतीय संगीताच्या मुद्रणात तंबोऱ्याच्या नादावर हीच परीक्षा घेता येते. मुद्रणासोबत नमुना-कंप्रता, बिटांची संख्या, प्रमुख घड्याळ व कालसंकेताची गती यांची लेखी नोंद ठेवतात. मुद्रण चालू असताना उपकरणांत बदल करणे, विशेषतः प्रमुख उपकरण बंद करून पुन्हा चालू करणे, कटाक्षाने टाळतात. कारण ठोका क्षणभर थांबला, तरी सर्व अनुगामी उपकरणांतील मुद्रण एकदम खंडित होऊ शकते. एका घड्याळावर अवलंबून राहण्यातील ही उणीव लक्षात घेऊन मोठ्या केंद्रांत प्रमुख घड्याळासोबत दुसरे राखीव घड्याळ ठेवतात. पहिले बंद पडल्यास दुसरे त्याची जागा घेते. संगणक-जालकावरील पद्धतींतही प्रमुख उपकरण नाहीसे झाल्यास उरलेल्या उपकरणांतून नवे प्रमुख आपोआप निवडले जाते. दोन्ही व्यवस्थांत एका वेळी ठोका मात्र एकाच घड्याळाचा असतो.